स्टील लख्ख, पितळ काळवंडलेलं, जस्त राखाडी: धातूंच्या चकाकीचं गणित काय?

कुतूहलपूरकर
शाळेच्या पुस्तकात 'धातूंना विशिष्ट चकाकी असते' एवढं एक वाक्य येतं आणि विषय संपतो. घरात मात्र स्टीलचा डबा वर्षानुवर्षं लख्ख, समई पंधरवड्यात काळवंडलेली, अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं कायमचं राखाडी, आणि जस्ताची बादली तर दुकानातूनच मळकट चेहऱ्याने येते. सगळेच धातू, मग हा दुजाभाव का? माझा तर्क असा की स्टील प्रकाश जास्त परत फेकत असावं आणि अ‍ॅल्युमिनियम कमी. जाणकारांनी प्रकाश टाकावा. परावर्तित झाला तरी चालेल.

घनवाहक
तर्क बरोबर उलटा आहे. स्वच्छ, गुळगुळीत अ‍ॅल्युमिनियम दृश्य प्रकाशाचा सुमारे ९० टक्के भाग परत फेकतं. चांदी ९५ टक्क्यांच्या पुढे. स्टेनलेस स्टील जेमतेम ६० टक्के, आणि क्रोमियमही त्याच्याच आसपास. म्हणजे तुमचा लख्ख डबा निम्म्याच्या थोडा वर प्रकाश परत देतो, आणि राखाडी पातेलं बहुधा त्याच्याइतकाच किंवा जास्तच देत असेल.

गोम अशी की किती प्रकाश परत आला हा एक प्रश्न आणि तो कुठल्या दिशेने आला हा दुसरा. धातूतले मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या विद्युत क्षेत्राबरोबर डोलतात आणि तो बाहेरच फेकतात. आत काही डझन नॅनोमीटरच्या (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) पलीकडे तो पोचतच नाही. हे जवळपास सगळ्या धातूंत होतं. पण पृष्ठभागावरचे उंचवटे तरंगलांबीच्या साधारण आठव्या भागापेक्षा मोठे झाले, म्हणजे हिरव्या प्रकाशासाठी ७० नॅनोमीटरच्या वर गेले, की किरण एका दिशेने न जाता विखुरतात. वारा सुटल्यावर तळ्यातला चंद्र फुटतो तसंच. पाणी तेच, येणारा उजेडही तेवढाच.

त्यामुळे चमकदार आणि निस्तेज हा भेद बहुतेक वेळा धातूचा नसतो, पृष्ठभागाचा असतो. खडबडीतपणा आणि वर चढलेला थर, हे दोन आरोपी आधी पकडा.

चिंचेचाकोळ
+१. याचा पुरावा स्वयंपाकघरातच आहे. अ‍ॅल्युमिनियम फॉइलची एक बाजू चकचकीत, दुसरी मंद. धातू एकच, पत्रा एकच. शेवटच्या फेरीत फॉइल इतकी पातळ होते की एकेरी लाटली तर फाटते, म्हणून दोन थर एकत्र लाटतात. पॉलिश केलेल्या रुळाला लागलेली बाजू चमकते, आतली एकमेकींना चिकटलेली बाजू मंद राहते. 'चकचकीत बाजू आत ठेवा, पोळ्या जास्त वेळ गरम राहतात' हा सल्ला तेवढ्यासाठी सोडून द्या, जाणवण्याइतका फरक पडत नाही.

शुद्धदेशी
एवढं कशाला फिरवताय? शुद्ध धातू चमकतो, भेसळीचा काळा पडतो. पूर्वीची भांडी बघा.

घनवाहक
@शुद्धदेशी, स्टेनलेस स्टील म्हणजे निव्वळ मिश्रधातू. ३०४ नावाच्या नेहमीच्या प्रकारात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. एक-दोन रुपयांच्या स्टीलच्या नाण्यांत ८३ टक्के लोखंड आणि १७ टक्के क्रोमियम. उलट शुद्ध लोखंड गंजतं, शुद्ध तांबं तपकिरी पडतं, शुद्ध शिसं कापल्यावर निळसर चमकतं आणि थोड्याच वेळात राखाडी होतं. शुद्ध सोडियमची कापलेली कड तर बघता बघता मळते.

खरा फरक वरच्या थराच्या स्वभावात. क्रोमियम १०.५ टक्क्यांच्या वर गेलं की स्टीलवर १ ते ३ नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइड बसतो. तो पारदर्शक असतो, घट्ट चिकटतो आणि ओरखडा पडला तरी हवेत पुन्हा तयार होतो. अ‍ॅल्युमिनियमचा थरही असाच, २ ते ४ नॅनोमीटरचा. लोखंडाचा गंज मात्र सच्छिद्र, पाणी धरून ठेवणारा, पापुद्रे सुटणारा. तांब्याचा थर आधी लालसर, मग काळा, आणि तो जाड होत जातो.

चिंचेचाकोळ
मग अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं राखाडी का, हा मूळ प्रश्न शिल्लक राहतो. कारणं तीन, आणि तिन्ही घासण्याच्या ओट्यावरची.

एक, धातू मऊ. तारेची घासणी स्टीलवर जेवढे ओरखडे पाडते त्याच्या कित्येक पट यावर पाडते. दोन, सोडा. आम्लारी पदार्थ अ‍ॅल्युमिनियमचा संरक्षक थर विरघळवतात आणि खालचा धातू कुरतडतात. धुण्याचा सोडा, डिशवॉशरची पावडर, दोन्ही वर्ज्य. डिशवॉशरमधून कुकर एकदा काढला तरी पांढुरका-काळपट होऊन येतो. तीन, उकळतं पाणी. क्षारयुक्त जड पाण्यात तो पातळ थर जाड, पाणी धरलेला होत जातो आणि काळा दिसतो. कुकरच्या आतली पाण्याच्या रेषेपर्यंतची काळी पट्टी ती हीच.

उपाय जुनाच आहे. कुकरच्या तळाच्या पाण्यात लिंबाची पिळलेली फोड किंवा चिंचेचं बुटूक टाकायचं, पाणी किंचित आंबट राहिलं की थर वाढत नाही. आधीच काळा झाला असेल तर काळ्या रेषेच्या वर येईल इतकं पाणी, लिटरमागे लिंबाएवढी चिंच, १० ते १५ मिनिटं उकळी, मग मऊ घासणी. हार्ड अ‍ॅनोडाइज्ड कुकरचा गडद रंग मात्र मुद्दाम चढवलेला जाड ऑक्साइड आहे. तो उजळायला जाऊ नका.

बोरकुट
वाचनखूण साठवली आहे. समईबद्दल पण सांगा की. चिंच-मीठ लावून रात्रभर ठेवली तर जास्त उजळते का?

मठारलेले_पातेले
रात्रभर ठेवली तर समई गुलाबी होईल. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आम्लात जास्त वेळ राहिलं की जस्त आधी निघून जातं आणि वर तांब्याचा लालसर थर उरतो. तो कोळाने जात नाही, बारीक पॉलिश पावडरीने घासूनच काढावा लागतो.

रीत अशी: आधी तेलाचा चिकटा गरम पाणी आणि साबणाने पूर्ण काढा, नाहीतर कोळ जागोजागी पोचत नाही आणि ठिपके पडतात. मग दाट कोळ, त्यात वाटीमागे एक चमचा मीठ. चिंचेतलं टार्टारिक आम्ल तांब्याचे ऑक्साइड विरघळवतं, मिठातलं क्लोराइड त्याला हात देतं. दोन ते पाच मिनिटं, बस. लगेच भरपूर पाणी. राहिलेलं मीठ हिरवे डाग पाडतं, म्हणून खाचांत जुना दात घासायचा ब्रश फिरवा. शेवटी गरम पाण्यात बुडवून ताबडतोब कोरड्या फडक्याने पुसा. आपोआप वाळू दिली तर थेंबांचे डाग तसेच राहतात. पीतांबरी वापरली तरी शेवटचं धुणं-पुसणं चुकत नाही.

दुकानातून आणलेल्या शोभेच्या पितळेवर बऱ्याचदा लॅकर, म्हणजे पारदर्शक वार्निशसारखा थर, असतं. ते कुठे फुटलं की तेवढ्याच जागी कोळ्याच्या जाळ्यासारख्या काळ्या रेषा उमटतात आणि कितीही चिंच चोळली तरी हलत नाहीत. आधी थिनरने सगळं लॅकर काढा.

घनवाहक
@मठारलेले_पातेले, तुमच्या नावावरून आठवलं, मठारकामाबद्दल, म्हणजे भांड्यावर हातोडीचे ठोके उमटवण्याबद्दल, लिहा ना. चकाकीचा तो वेगळाच प्रकार आहे.

मठारलेले_पातेले
पुण्याच्या तांबट आळीतल्या कामात दिसतं ते. तांब्याचं भांडं घडवताना वारंवार तापवून मऊ करावं लागतं, आणि प्रत्येक तापवणीला वर काळी पापडी धरते. ती आम्लाच्या पाण्यात काढली की खाली मऊ, गुलाबी, अगदी मंद पृष्ठभाग मिळतो. मग मठारणी. हातोडीचं तोंड आणि आतून टेकू देणारी खरवई दोन्ही आरशासारख्या घोटलेल्या असतात. प्रत्येक ठोक्यागणिक एक छोटा सपाट चट्टा उमटतो आणि हातोडीचा गुळगुळीतपणा त्यावर छापला जातो. ठोके ओळीत, एकावर एक किंचित चढवून. हातोडीच्या तोंडावर एक ओरखडा असेल तर तो भांडंभर उमटतो, म्हणून काम मध्येच थांबवून तोंड पुन्हा घोटतात. ठोक्यांनी तांबं कठीणही होतं, त्यामुळे नंतरचे ओरखडे कमी पडतात, आणि पडले तरी चट्ट्यांच्या गर्दीत दिसत नाहीत.

खट्याळ_खलबत्ता
म्हणजे ठोकून काढल्याशिवाय झळाळी येत नाही. आमचे मास्तर बरोबरच होते तर. (हलके घ्या.)

रुप्याची_वाटी
चांदी ९५ टक्क्यांहून जास्त परत फेकते म्हणता, तर ती काळी का पडते? चांदीला ऑक्सिजन लागत नाही ना? आणि टूथपेस्टने घासणं बरोबर की चूक?

घनवाहक
साध्या तापमानाला ऑक्सिजनने नाही, गंधकाने. हवेतला हायड्रोजन सल्फाइड, कांदा, अंडं, रबर, लोकर, सगळीकडून गंधक मिळतं आणि सिल्व्हर सल्फाइडचा थर चढतो. आधी पिवळसर, मग तपकिरी, जांभळट, शेवटी काळा. मधले रंग थराच्या जाडीमुळे दिसतात.

टूथपेस्ट चूक. तिच्यात घासणारी भुकटी असते, आणि कॅल्शियम कार्बोनेटसुद्धा मोह्‌स कठीणपणाच्या मापावर ३, चांदी २.५. म्हणजे काळेपणा जातो पण बारीक ओरखडे भरतात.

त्यापेक्षा: काचेच्या किंवा प्लास्टिकच्या भांड्यात तळाशी अ‍ॅल्युमिनियम फॉइल, त्यावर १ लिटर उकळीला आलेलं पाणी, १ मोठा चमचा खायचा सोडा आणि १ मोठा चमचा मीठ. चांदी फॉइलला टेकलीच पाहिजे, न टेकता नुसती बुडली तर काम होत नाही. दोन ते पाच मिनिटांत अ‍ॅल्युमिनियम गंधक ओढून घेतं आणि सल्फाइडमधली चांदी परत चांदी होते, म्हणजे वजन झिजत नाही. सडक्या अंड्याचा वास आला की समजा चाललंय.

रुप्याची_वाटी
आणि हुपरीच्या पैंजणांसारखं नक्षीकाम असेल तर?

घनवाहक
साधी नक्षी चालेल. पण खाचा मुद्दाम काळ्या केलेल्या, म्हणजे ऑक्सिडाइज्ड दागिना असेल तर खाचाही पांढऱ्या होतील आणि नक्षी सपाट दिसेल. मोती, पोवळी, डिंकाने बसवलेले खडे, पोकळ मणी यांनाही हे पाणी दाखवू नका.

बोरकुट
अवांतर: कल्हईचा विषय कोणीच काढला नाही?

मठारलेले_पातेले
अवांतर कसलं, मुद्द्याचंच आहे. कथलाचा ऑक्साइडही पातळ आणि पारदर्शक, म्हणून कल्हई पांढरी लख्ख राहते, आणि आंबट पदार्थ तांब्याला लागत नाही म्हणून कळकत नाही.

भांडं आतून वाळू किंवा आम्लाने धातूचा मूळ रंग दिसेपर्यंत घासायचं. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, भांडं त्याच्या थोडं वर तापवायचं. चिमूटभर नवसागराची पूड टाकून कापसाच्या बोळ्याने फिरवायची. पांढरा धूर निघतो, नवसागर फुटून निघणारं आम्ल उरलासुरला ऑक्साइड खातं आणि त्याच क्षणी कथलाची पट्टी टेकवून बोळ्याने पसरवायची. ताप कमी पडला तर कथलाच्या गुठळ्या राहतात, जास्त झाला तर थर पिवळा-निळसर होऊन झळाळी जाते. काळा ठिपका राहिला म्हणजे तिथे भांडं नीट साफ झालं नव्हतं. धूर श्वासात घेऊ नका, उघड्यावरच करायचं काम आहे.

कथलात शिसं मिसळलेलं नको. पट्टी कानाजवळ धरून वाकवली तर शुद्ध कथील करकरतं, शिसं मुकाट वाकतं. पांढऱ्या कागदावर ओढल्यावर ठळक राखाडी रेघ उमटली तर ती पट्टी परत करा.

आणि कल्हईच्या भांड्यात फोडणी नको, रिकामं भांडं आचेवर तर अजिबात नको. धुरावलेलं तेल २३२ अंशांच्या जवळ पोचतं आणि कथील तळाशी गोळा होतं.

पत्रेवाला_कोकणी
बादलीला कोणी वाली दिसत नाही, म्हणून लिहितो. वितळलेल्या जस्तात, सुमारे ४५० अंशांवर बुडवलेल्या पत्र्यावर आधी जस्ताची फुलं, म्हणजे स्फटिकांची नक्षी दिसते, तीही चकाकते. मग हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि ओल मिळून त्यावर राखाडी कार्बोनेटचा थर बसतो. तो पारदर्शक नाही, पण तोच जस्ताचं रक्षण करतो. बादली घासून चमकवली म्हणजे ते संरक्षण आणि थोडं जस्त, दोन्ही धुऊन गेलं. २७५ ग्रॅमचा पत्रा म्हणतात तो दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला २७५ ग्रॅम जस्त, म्हणजे एका बाजूला जेमतेम २० मायक्रॉन. त्यातून किती घासणार?

आणखी एक. काही अँगल-पाइप जस्ताच्या टाकीतून निघतानाच मंद राखाडी असतात आणि ग्राहक ते नाकारतो. स्टीलमध्ये सिलिकॉन ठराविक प्रमाणात असलं की जस्त-लोखंडाचा मिश्रथर भराभर वाढून पार वरपर्यंत येतो, वर निव्वळ जस्त उरतच नाही. तिथे थर बहुतेकदा जाड असतो. चकाकी बघून माल परत पाठवणं म्हणजे जास्त जस्त परत पाठवणं. मात्र तो थर ठिसूळ होऊन सुटतोय का, हे तपासा.

पावसाळ्याआधी पत्रे घेत असाल तर एकावर एक चप्प रचून ठेवू नका. मध्ये पाणी अडकलं की हवा न मिळाल्याने कार्बोनेट होत नाही, पांढरा भुसभुशीत गंज येतो. मध्ये पट्ट्या घालून, उतार देऊन ठेवा.

खट्याळ_खलबत्ता
बादलीच्या आब्रूसाठी इतका मोठा प्रतिसाद इतिहासात प्रथमच.

अर्धा_मायक्रॉन
प्लेटिंग-बफिंगवाल्यांचंही थोडं. स्टीलचा पत्रा गिरणीतून येतो तो मंद, २बी नावाचा. डबा आरशासारखा होतो तो बफिंगने. घासायच्या पट्ट्याचे दाणे १२०, १८०, २४०, ३२०, ४०० अशा क्रमाने, आकडा वाढतो तसा दाणा बारीक. प्रत्येक टप्प्याला दिशा ९० अंशांनी फिरवायची आणि आधीच्या टप्प्याची एकही रेघ दिसेनाशी झाल्याशिवाय पुढे जायचं नाही. १८० वरून थेट ४०० वर उडी मारली की तेव्हा काही दिसत नाही, आरसा झाल्यावर खोल रेघा वर येतात आणि पुन्हा पहिल्यापासून. मग काथ्याच्या चाकावर कापणारा साबण (म्हणजे पॉलिशच्या भुकटीची वडी), शेवटी सुती चाकावर क्रोमियम ऑक्साइडचा हिरवा साबण. २०० मिमीचं चाक मिनिटाला २,८०० फेऱ्यांवर कडेला सेकंदाला २९ मीटर वेग देतं, स्टीलला तो पुरतो. जोर लावून एकाच जागी दाबलं तर पत्रा तापून संत्र्याच्या सालीसारखा दिसायला लागतो. आणि साध्या लोखंडावर वापरलेलं चाक स्टीलवर नको, लोखंडाचे कण रुततात आणि दोन दिवसांत 'स्टेनलेसला गंज आला' म्हणून तक्रार येते.

क्रोम प्लेटिंगची गंमत वेगळी. त्यातली खरी चकाकी खालच्या निकेलची. निकेल १० ते २० मायक्रॉन, वरचं क्रोम पाव ते अर्धा मायक्रॉन. निकेलच्या टाकीत सॅकॅरीनसारखे उजळक असतात, ते कण बारीक ठेवतात. क्रोमच्या टाकीत क्रोमिक आम्ल लिटरला २५० ग्रॅम आणि गंधकाम्ल २.५ ग्रॅम, हे १०० ला १ प्रमाण बिघडलं की झळाळी गेली. तापमान ४० ते ४५ अंश. करंट जास्त झाला की कडा राखाडी, जळक्या होतात. निकेल चढवून काम बराच वेळ तसंच ठेवलं आणि मग क्रोममध्ये घातलं तर दुधाळ डाग येतात. क्रोमिक आम्लातलं हे क्रोमियम विषारी आणि कर्करोगकारक आहे, बाष्प ओढणारा पंखा आणि सांडपाण्याची प्रक्रिया नसेल तिथे उभंही राहू नका.

कुतूहलपूरकर
भारी माहिती. पण मग निव्वळ धातूमुळे दिसण्यात फरक पडतच नाही का? सगळं घासण्यावर आणि थरावरच?

घनवाहक
पडतो, रंगात आणि वरच्या मर्यादेत. सोनं लाल-पिवळा प्रकाश जवळजवळ पूर्ण परत फेकतं, निळ्याचा निम्म्याहून जास्त गिळतं. अणू जड असल्यामुळे त्यातल्या इलेक्ट्रॉनच्या पातळ्या आइन्स्टाइनच्या सापेक्षतेच्या परिणामामुळे सरकलेल्या असतात, म्हणून ते गिळणं दृश्य प्रकाशात येतं. सोन्याचा अगदी पातळ वर्ख उजेडासमोर धरला तर आरपार हिरवट उजेड येतो. तांब्याचंही तसंच, फक्त सीमा नारंगीच्या बाजूला. चांदीचं गिळणं अतिनील भागात, म्हणून ती पांढरी. लोखंड, क्रोमियम, टायटॅनियम सगळ्या रंगांतला बराच भाग सारखाच गिळतात, म्हणून कितीही घोटा, चांदीशेजारी ते काळसरच दिसतात.

आणि खडबडीतपणा टोकाला गेला की धातूही काळा. लोखंडाचा कीस, बारीक चांदीची भुकटी काळपट दिसते, कारण किरण फटींत दहादा आपटतो आणि दर आपटीला थोडा गिळला जातो.

दुसऱ्या टोकाला दुर्बिणीचे आरसे. जुन्नरजवळ गिरवलीला आयुका या पुण्याच्या खगोलशास्त्र संस्थेची २ मीटरची दुर्बीण आहे. अशा आरशांवर चांदी नाही, निर्वात कक्षात चढवलेलं साधं अ‍ॅल्युमिनियम असतं, साधारण मायक्रॉनच्या दहाव्या भागाएवढं जाड. चांदी जास्त उजळ खरी, पण गंधकाने काळवंडते. उत्तराखंडात देवस्थळला तर ४ मीटरचा आरसा चक्क फिरत्या पाऱ्याचा आहे, घोटायचं कामच नाही.

बोरकुट
शेवटची शंका. घरच्या ड्रिल मशीनला छोटं बफ लावून कुकर बाहेरून चमकवला तर?

अर्धा_मायक्रॉन
७५ मिमीचं बफ २,८०० फेऱ्यांवर सेकंदाला ११ मीटरच देतं. होईल, पण वेळ लागेल. तपकिरी साबण वापरा, हिरवा नको. झाकणाची रिंग बसते ती कड आणि शिट्टीची जागा सोडून द्या, तिथे धातू झिजला तर वाफ गळते. मास्क लावा. आणि त्याच टेबलावर लोखंड ग्राइंड करू नका, अ‍ॅल्युमिनियमची धूळ ठिणगीने पेटते.

बोरकुट
राखाडीच बरा.